चौकटीवरची टिकली

थोर खेळाडूचं आयुष्य हजारो मुलांना दिशा दाखवतं. हे वाक्य आमचे मुख्याध्यापक दर क्रीडादिनाला म्हणतात आणि म्हणताना हात असा वर नेतात की दिशा बहुधा छताकडे असावी. त्याच वाक्यावर विसंबून मीही एक खेळाडू वर्गात आणला. फक्त तो थोर नव्हता. आइसलँडचा होता, फुटबॉलमधला बचावपटू होता आणि कुठल्याच क्लबात फार टिकत नव्हता.

मी तळोद्याजवळच्या एका आश्रमशाळेत भूगोल शिकवते. मुली डोंगरातल्या, शाळेतच राहणाऱ्या. आइसलँड हा देश आमच्या अभ्यासात ज्वालामुखीपुरता येतो आणि लगेच जातो. एकीनं विचारलं, तिथे माणसं काय करतात? मी म्हणाले, मासे पकडतात. आणि ज्यांना मासे पकडायचे नसतात ते? मला माहीत नव्हतं. रात्री फोनवर शोधलं तेव्हा हा गृहस्थ सापडला. मासेमारीच्या छोट्या गावात वाढलेला, उंच, जरा वाकून चालणारा. गावातून नॉर्वेला गेला, तिथून हंगेरी, मग पोलंड, सायप्रस. पुढे थेट कझाकस्तान. गोल जवळपास एकही नाही. फोटोत तो नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी मागे धावताना दिसे.

भूगोलाला असाच माणूस हवा होता. मी पर्समधल्या पाकिटातली लाल टिकली काढून नकाशावर त्याच्या गावाशी लावली. तो क्लब बदलेल तशी मुली ती सरकवत. टिकलीचा डिंक संपला की नवी लावायची. जी मुलगी परीक्षेत हंगेरी आफ्रिकेत दाखवायची, तीसुद्धा त्याच्या मागोमाग बरोबर बुडापेस्टला पोचली. मुलींना त्याची काळजीही वाटायला लागली. कझाकस्तानात थंडी किती, तिथे त्याला मासे मिळतात का, असे प्रश्न यायचे. माझ्या इतर कुठल्याही धड्याची इतकी चौकशी कधी झाली नाही.

नववीतली एक मुलगी बचावात खेळायची. अंगानं बारीक, पण समोरच्याच्या पायातून चेंडू असा काढायची की त्याला पुढे दोन पावलं गेल्यावर कळावं. पुण्याच्या एका क्रीडा वसतिगृहासाठी चाचणी झाली, त्यात ती निवडली गेली. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. मुख्याध्यापकांनी त्याच आठवड्यात पेंटर बोलावला आणि शाळेच्या गौरवफलकावर तिचं नाव रंगवून घेतलं, खाली 'बचावपटू' असं कंसात. वडिलांना अजून कुणी विचारलंच नव्हतं.

वडील पालकभेटीला आले तेव्हा कळलं की त्यांचा बेत वेगळा आहे. मोलगीच्या वरच्या पाड्यावरचं हे कुटुंब. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकमधून गुजरातेत ऊस तोडायला जायचं आणि होळीला परतायचं. ऊसतोडीत दोघं मिळून एक कोयता धरतात, एकट्याला टोळीत घेत नाहीत. आईबापांचा एक कोयता होता. थोरला मुलगा यंदा हाताशी आलेला, त्याच्या जोडीला बहीण धरलेली. म्हणजे तिची निवड दोन ठिकाणी झाली होती, आणि मुकादमानं तिला आधी पाहिलेलं होतं.

मी त्यांना वर्गात नेलं. घरी ते भिली बोलतात, माझ्याशी शाळेची मराठी, मोजून मापून. मी पुणं, जेवण, शिक्षण, सगळं सांगितलं. त्यांचं लक्ष नकाशाकडे होतं. मुलींनी प्रत्येक क्लबाजवळ पेनानं एकेक ठिपका केला होता.

"हा कोण फिरतोय एवढा?"

मला वाटलं, दार उघडलं. मी त्याची सगळी कारकीर्द सांगितली, जरा मुख्याध्यापकांसारखीच. एवढ्याशा गावातला पोरगा, नुसत्या खेळावर कुठे कुठे गेला वगैरे.

"मुकादम कोण त्याचा?"

मुकादम नसतो असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. एजंट असतो, म्हणाले. तो काम बघतो, बोलणी करतो, नेतो.

"तेच," ते म्हणाले.

मग त्यांनी चौकशी सुरू केली. बायकापोरं सोबत नेतो का? राहायला पक्कं देतात की ताडपत्री? हातपाय मोडला तर कोण बघतं? त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि खर्च क्लबानं केला होता. हे त्यांना आवडलं. मुकादम असं करत नाही, एवढंच म्हणाले. शेवटी त्यांनी नकाशाच्या लाकडी चौकटीवर बोट ठेवलं. तिथे लाल टिकली होती.

"आणि ही?"

उन्हाळ्यात कझाकस्तानच्या क्लबानं त्याला सोडलं होतं. टिकली कुठे लावायची यावर मुलींचं भांडण झालं. घरी लावू म्हटलं तर तो घरी आहे का हे ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी ती चौकटीवर ठेवली, जगाच्या बाहेर.

"सध्या काम नाही त्याला," मी म्हणाले.

"मग?"

त्यांनी टोपी झटकली. "त्याचं काय होतं बघा. मग बोलू."

जगाच्या पाठीवर कुठल्या तरी क्लबाला एक उतारवयातला, दुखऱ्या गुडघ्याचा बचावपटू हवासा वाटावा, यावर सातपुड्यातल्या एका मुलीचं शिक्षण टांगलं होतं आणि टांगलं मीच होतं. शाळेत नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं. मी मधल्या सुट्टीत टाकीजवळ उभी राहू लागले. युरोपातल्या क्लबांची खेळाडू घेण्याची मुदत संपली, त्याचं नाव कुठेच आलं नाही. मग वाचलं की ज्याला क्लबच नाही तो नंतरही करार करू शकतो, आणि जरा धीर आला. मग त्याचा एक फोटो दिसला, बोटीवर बसलेला, आणि तो धीर गेला. माणूस मजेत दिसत होता.

ही गोष्ट शाळेबाहेर कशी गेली कोण जाणे. तळोद्याच्या स्टँडवर जीपवाला मला पाहिलं की विचारायचा, "मॅडम, तुमना गोराले काम लागनं का?" त्याच्या जीपमधली माणसं माझ्याकडे सहानुभूतीनं बघायची. गोरा माझा जावई असावा, अशी.

मुलगी काही विचारत नव्हती. रोज वर्गात येताना चौकटीकडे एकदा बघायची आणि बसायची. एक दिवस सगळ्या गेल्यावर थांबली.

"मॅडम, टिकली आपणच सरकवली तर? पोलंडला. बाबा काय पोलंडला जाऊन बघणारेत?"

"बाबा विचारतील, तिथे ताडपत्री की पक्कं."

"पक्कं सांगायचं."

"आणि मुकादम कोण म्हणाले तर?"

मी मोठ्या तत्त्वानं नकार दिला असं वाटायला नको. त्या माणसाच्या पुढच्या प्रश्नाची मला भीती होती. मग तिनं विचारलं, "तो म्हातारा झालाय का?" मी नाही म्हणाले. "मग त्याला घेत का नाहीत?" हा प्रश्न तिनं त्याच्यासाठी विचारला की स्वतःसाठी, मला कळलं नाही. मी तिला रांगोळीसाठी पाठवून दिलं.

दिवाळी झाली. ट्रक येणार अशी बातमी मोलगीहून आली. मुलगी सुट्टीला घरी गेली होती, आणि तिला तिथूनच ट्रकमध्ये बसवलं असतं तर मला कळलंही नसतं. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी तिच्या वडिलांना गाठायला निघाले, आणि सकाळी तळोद्याच्या स्टँडवर उभी राहून मी सवयीनं फोन उघडला. त्याचं काम लागलं होतं.

त्याच्याच गावात. गावच्या छोट्या क्लबानं पुढच्या हंगामासाठी घेतलं होतं. नुसत्या खेळावर भागणार नाही म्हणून तो तिथल्या शाळेत व्यायाम शिकवणार होता. बातमीसोबत फोटो होता. मागे समुद्र, पुढे तो, आणि हातात चेंडूंची जाळी, जशी आमच्या खेळाच्या सरांच्या हातात असते.

घाट चढताना मी याचा विचार करत होते. अर्धं जग फिरून माणूस मास्तर झाला, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? जीपच्या प्रत्येक वळणाला मी एक नवं वाक्य तयार करत होते आणि पुढच्या वळणाला ते टाकून देत होते.

मोलगीच्या बाजारात तिचे आईवडील सापडले. मीठ, मिरची, दोर, कोयत्याचे नवे दांडे, सगळं समोर मांडून नवरा-बायको गाठोडी बांधत होते. मुलगा आणि मुलगी दोघंही मागे उभी. मुलीनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे.

"लागलं काम," मी म्हणाले.

"कुठे?"

"त्याच्या गावात. घरी."

वडील दोर ओढत होते, ते थांबले. "घरी आला?"

"हो."

"पायानं चालत?"

"गुडघा दुखतो. पण खेळतो अजून."

त्यांनी बायकोला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, लांबलचक. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि मराठीत, मला कळावं म्हणून, म्हणाली, "एवढा लांब गेला, तरी आला." मग दोघांचं बोलणं झालं. त्यात मला फक्त एका चुलतभावाचा उल्लेख कळला, आणि तो ऐकून थोरल्या मुलानं तोंड वाकडं केलं. चुलतभाऊ घोरतो, असं मुलीनं मला नंतर सांगितलं. कोयत्याला जोडी ठरली होती.

वडील माझ्याकडे वळले. "होळीला सोडतील तिला?"

वसतिगृहात होळीला सुट्टी असते की नाही याची मला तिळमात्र कल्पना नव्हती. "सोडतील," मी म्हणाले. परत येताना सगळा घाट मला त्याचीच धास्ती होती.

वसतिगृहानं तिला सोडलं. ती होळीला आली, पायात घुंगरू बांधून नाचली आणि परत गेली. वर्गातली टिकली आता आइसलँडवर आहे, आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. मुख्याध्यापकांनी क्रीडादिनाच्या भाषणात आइसलँडचा उल्लेख केला, उच्चार बरोबर नव्हता. गौरवफलकावर तिच्या नावाखाली 'बचावपटू' हा शब्द अजून आहे, पेंटरनं ऑइलपेंट वापरला होता. पुण्यात पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षकांनी तिला आघाडीला खेळायला लावलं.