चाचांच्या वहीतला तारा

वणीच्या गॅरेजवाल्या चाचांनी आठवीत शाळा सोडलेल्या माझ्यावर भरवसा ठेवला, हे आधी सांगते. इथे परमुलखात, शिलाई कारखान्याच्या दाराशी डिझेलचा वास आला की हे शेजारचे चाचा आठवतात. उत्तरेकडचा एक तारा दर पाच दिवस नऊ तासांनी उजळतो, मंदावतो; चाचा वर्षानुवर्षं त्याची वही लिहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले तेव्हा एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. म्हणाले, "वहीत खाडा नको बेटा, आज तू तारा पाहून लिव." खाणीतल्या कोळशाची धूळ बसलेल्या अंगणात उभी राहून मी तो बाजूच्या दोन ताऱ्यांशी ताडून पाहिला. आज तो मंद असेल, असं चाचांनी हिशेबाने सांगितलं होतं; मला चांगला उजळ दिसला. माझंच चुकत असेल या भीतीने मी 'मंद' लिहिलं. चाचांनी विचारलं, "तुले दिसलं ते लिवलं, का मी सांगतलं ते?" मी खरं सांगितलं. चाचांनी बोटं मोजली आणि हसले. "दवाखान्यातला एक दिस मीच मोजाले इसरलो. तारा नाही इसरला. खोड ते 'मंद', 'उजळ' लिव." मग म्हणाले, "अशे तारे दूरच्या तारकागुच्छात, लहान्या आकाशगंगांतबी हायत. रातच्या ट्रकच्या दिव्यासारखं समज: किती दिसात उजळते त्यावरून बल्ब केवढा ते कळते, दिसते किती मंद त्यावरून ट्रक किती दूर ते." वणीच्या रस्त्यावरचे ट्रकचे दिवे रोजचेच होते, पण तशाच हिशेबाने आकाशगंगा किती दूर ते मोजता येतं हे ऐकून मी कितीतरी वेळ मान वर करून उभी राहिले. इथे दिवे फार आहेत, तरी गच्चीवरून तो दिसतो. दिसतो तसाच माझ्या वहीत लिहिते. वही भरली की चाचांच्या हातात नेऊन देईन.