आमचे घरमालक आणि टोटल लॉसची गाडी

जगातली कुठलीही वस्तू सरळ बघू नये, ती आधी उलटी करावी, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझ्या नशिबाने तोच माझा घरमालक निघाला. जोगेश्वरी पूर्वेला टेकडीच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथे त्यांच्या तीन खोल्या. एकीत ते आणि काकू, दुसरीत मी आणि माझा नवरा, आणि तिसरीत त्यांनी आजवर उलट्या करून नापास केलेल्या वस्तू. काका मूळचे मालवणकडचे. चाळीसेक वर्षं अंधेरीत गाड्यांच्या सीटा शिवायचं काम केलं. ज्याने जन्मभर गाद्यांच्या खाली डोकं घातलं, त्याला वरच्या बाजूचा भरवसा कसा वाटणार? "वरून सगळेच नवरदेव," असं ते म्हणतात, आणि हातातला कप उलटा करून बुडाची चीर शोधतात. कपात चहा असला तर तो आधी पितात, एवढीच सवलत.

मासळीबाजारात त्यांच्याबरोबर जायची काकूंनासुद्धा लाज वाटते. पापलेटाचे कल्ले सगळेच उघडून बघतात, पण काका पापलेट उताणं करतात, शेपटी धरून उजेडात धरतात, परत पालथं करतात. एकदा कोळीण वैतागून म्हणाली, "म्हाताऱ्या, कालवण करायचं हाय का सोयरीक?" काका शांतपणे म्हणाले, "सोयरीक करताना मी इतका बघूक नाय, म्हणून तर." काकू शेजारीच उभ्या होत्या. त्या दिवशी घरी मासे शिजले नाहीत. खरं तर काकूंचं म्हणणं वेगळंच आहे. "लग्नात सगळ्यांनी माझा तोंड बघल्यानी," त्या सांगतात, "हेनी शालूची उलटी बाजू बघल्यानी. जरीची तार कशी बसवली हा, ती!"

वाडीच्या पूजेला मांडलेल्या खुर्च्यासुद्धा ते उलट्या करून बघतात. एका वर्षी पाहुण्यांसाठी ठेवलेली मोठी खुर्ची त्यांनी चारचौघांत पालथी केली आणि पाय जोडलेला आहे असं जाहीर केलं. त्या खुर्चीवर बसायला आलेले भावी नगरसेवक मग बसलेच नाहीत. उभ्यानेच त्यांनी भाषण आटोपलं. इतकं छोटं भाषण वाडीने पुन्हा कधी ऐकलं नाही.

मला खोली मिळाली तीही अशीच. किनवटकडच्या माझ्या गावाहून मी आले तेव्हा इथे ओळखीचं कुणी नव्हतं. शाळा सातवीत सुटलेली, हातात स्वयंपाकाशिवाय दुसरी विद्या नाही, आणि स्वभाव असा भित्रा की कुलूप लावून जिना उतरले की परत वर जाऊन ओढून बघणार. डिपॉझिट द्यायला नव्हतं. काकांनी ना आधार कार्ड मागितलं ना कुणाची ओळख. म्हणाले, "पोळी कर एक." मी पीठ सांडत सांडत केली. त्यांनी ती उलटी करून खालची बाजू पाहिली, काकूंना दाखवली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "करपली नाही. घाबरलेली असूनही करपली नाही," एवढंच बोलले. काका गंभीर झाले की साधं मराठी बोलतात, खुशीत आले की मालवणी. त्या पोळीवर माझं इथलं सगळं उभं आहे, हे मी कधी विसरत नाही.

हळूहळू माझे डबे सुरू झाले. मी रांधायचं आणि नवऱ्याने स्कूटरवर एमआयडीसीत पोचवायचं. या वर्षी एका मोठ्या ऑफिसचं जेवण मिळायचा योग आला. अट एकच, पहिल्या तारखेपासून गाडी हवी, कारण मोठाली पातेली स्कूटरवर जात नाहीत. गाडी चालवायचं लायसन मी आधीच काढून ठेवलं होतं, भीत भीत का होईना. नवी व्हॅन आमच्या आवाक्यातली नव्हती. शेवटी मरोळच्या बाजूला एक जुनी व्हॅन सापडली, बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्यात. मात्र तिच्या कागदांवर टोटल लॉसची नोंद होती. म्हणजे कधीतरी गाडीचं इतकं नुकसान झालं होतं की दुरुस्त करणं विमा कंपनीला परवडेना. कंपनीने मालकाला पैसे देऊन टाकले, गाडी लिलावात गेली, कुणीतरी ती घेऊन दुरुस्त केली आणि आता विकायला काढली.

घ्यावी की नाही, या विचाराने मला जेवण जाईना. सात वर्षांची शिल्लक एकाच वस्तूत जाणार होती. काकांना विचारलं तर त्यांनी पानाचा डबा उलटा करून परत सरळ ठेवला. मग म्हणाले, "टोटल लॉसला घाबरू नकोस. कशाने झाली ते बघायचं. ठोकलेली गाडी म्हणजे मोडलेलं हाड, नीट बसवलं तर चालतं. बुडालेली गाडी म्हणजे संधिवात. रोज नवं दुखणं. मालक खोटं बोलेल, मीटर खोटं बोलेल, सीटखालची जागा खोटं बोलत नाही."

रविवारी सकाळी मी आणि काका रिक्षाने गेलो. विकणारा माणूस गोड होता. "ताई, लपवाछपवी नाही," तो म्हणाला. "कागदावर आहे तेच सांगतो. पुढून ठोकली होती. इंजिन झकास. तुम्ही चालवून बघा ना." आत सेंटची बाटली टांगलेली, वास नाकात जाईल असा. काकांनी ती काढून बाहेर ठेवायला सांगितली, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, गुडघे टेकले आणि ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. मी पर्स छातीशी धरून उभी.

त्यांचा हात एकाएकी थांबला. मग बोटं परत मागे गेली, परत पुढे. त्यांनी मान वाकडी करून आत पाहिलं आणि ओरडले, "अगो, ही माझी शिलाय! माझ्या हाताची!"

सीट शिवून झाली की शेवटच्या कोपऱ्यात, जिथे कुणी कधी बघणार नाही अशा जागी, काका तांबड्या दोऱ्याचे तीन तिरके टाके घालत. तीच त्यांची सही. इतकी वर्षं रस्त्याने जाणाऱ्या हजारो गाड्यांत त्यांच्या शिवलेल्या कितीतरी सीटा असणार, पण काम सोडल्यापासून एकही पुन्हा हाती लागली नव्हती. आता लागली. काका खाली बसले ते उठेनात. विकणाऱ्याला त्यांनी दोरा कुठून आणायचे, सुई कशी वाकवायचे, सगळं सांगितलं. तोही हुशार, त्याने लगेच चहा मागवला. चहा आला आणि काका माझ्याकडे वळून म्हणाले, "घे गो चेडवा. डोळे मिटून घे!"

डोळे मिटून! हे काकांच्या तोंडचं वाक्य नव्हे. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. त्यांनी कार्पेट उचललं नव्हतं. स्क्रूंवर गंज आहे का पाहिलं नव्हतं. सीटखाली हात गेला तो स्वतःच्या टाक्यांवरच अडकला, आणि पुढे गेलाच नाही. विकणारा कागद काढायला आत गेला. काका चहा फुंकत होते, चेहरा असा उजळलेला की मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या चेहऱ्यासमोर कार्पेट उचकटायचं धाडस मला होईना. पण मागच्या सीटचा पट्टा, म्हणजे सीटबेल्ट, माझ्या हाताशी होता. लोक गाडी धुतात, पट्ट्याचं आत गुंडाळलेलं टोक धुवायचं विसरतात, हे काकांनीच मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. मी पट्टा ओढत गेले. स्वच्छ, स्वच्छ, आणि अगदी शेवटची वीतभर जागा आली तेव्हा तपकिरी डाग. त्याच्यावर बारीक, वाळलेला गाळ.

मी काकांना कधी उलट उत्तर दिलेलं नाही. आणि पहिली तारीख आठवड्यावर होती. पट्टा सोडून दिला असता तर तो आपोआप आत गेला असता.

"काका," मी म्हटलं, "जरा इकडे या ना. हे काय असतं हो?"

काका आले. त्यांनी बोटाने डाग चोळला, बोट नाकाशी नेलं. मग साध्या मराठीत म्हणाले, "गाळ आहे." विकणारा कागद घेऊन आला तेव्हा त्याला त्यांनी विचारलं, "भावा, ठोकली होती की बुडाली होती?"

"काका, थोडं पाणी सगळ्याच गाड्यांत जातं…"

"थोडं पाणी पट्ट्याच्या गुंडाळीपर्यंत चढत नाही," काका म्हणाले. उरलेला चहा त्यांनी तसाच ठेवला. निघताना मात्र एकदा वाकून ड्रायव्हरच्या सीटचा तो कोपरा हाताने चाचपला.

घरी काकूंनी विचारलं, "काय झाला? घेतलास गाडी?" मी काहीतरी जुळवून सांगणार होते, तेवढ्यात काकाच म्हणाले, "बुडालेली होती. हिने पकडली."

"आणि तुम्ही काय करीत होतास?"

"मी चहा पीत होतो."

काकू एवढं हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आत जाऊन पडून राहिले.

ऑफिसचं काम गेलं नाही. महिन्याच्या भाड्याने एक टेम्पो घेतला, त्यात फारसं सुटत नाही, पण पातेली वेळेवर पोचतात. गाडी अजून बघतेच आहे. काका बरोबर येतात, पण आता स्वतः वाकत नाहीत. "तू बघ," म्हणतात आणि बाजूला उभे राहतात. गुडघे दुखतात असं सांगतात.

त्या व्हॅनचा विषय मी काढत नाही. तेच काढतात, कधी दुपारी मी भाजी निवडत बसले असताना, सहज आठवल्यासारखा.

"ती कुणीतरी घेतली असेल ना गं?"

"घेतली असेल, काका."

"फसला बिचारा." मग माझ्याकडे न बघता, "एवढ्या पाण्यात होती. टाके पण सैल झाले असतील."

"नाही, काका. मी बघितलं होतं. एकही सुटला नव्हता."

"नाय?"

"एकही नाही."

काका मान हलवतात, आणि माझ्यासमोरची निवडलेली मेथी उगाच परत एकदा निवडायला घेतात.