कडीचा आजार

बाईंना मागून सगळे उलटतपासणी म्हणत. दवाखान्याच्या माळ्यावर त्यांची समुपदेशनाची खोली: दोन खुर्च्या, एक फळा, खिडकीला जाड पडदा. मनोरुग्णालयात आयाचं काम करत करत शिकलेली बाई. माणूस रडला म्हणून लगेच विरघळणारी नव्हे. दुखणं कधीपासून, कशानं वाढतं, कशानं निवतं, आणि घरात कोणाच्या पथ्यावर पडतं, एवढं खोदल्याशिवाय उपचार ठरवायचा नाही.

पण त्या शिंपिणीच्या बाबतीत बाई गाफील राहिल्या. विधवा वहिनीला दीर घेऊन आला होता. तोंडात साखर.

"ताई, रात्रभर उठून उठून खोलीची कडी बघते हो ही. वेड लागेल अशानं."

शिंपीण सुईनं टोचलेलं बोट चोळत होती. बाईंनी फळ्यावर गोल काढला: शंका, घाबरगुंडी, कडी तपासणं, घटकाभर बरं वाटणं, पुन्हा शंका. उपचारही सरळ. तपासणं हळूहळू कमी करायचं, मग कडी न लावता झोपायचं. "मी जातीनं लक्ष ठेवतो," दीर म्हणाला. आणि बाईंनी ठेवू दिलं. इतकी वर्षं माणसं चाळलेल्या बाईनं!

पुढच्या खेपेला दीर खुललेला. "जादू केलीत ताई. आता कडी लावतच नाही."

शिंपीण मात्र चिपाडासारखी वाळलेली. दुखणं हिचं आणि आराम याला?

"भाऊ, जरा खाली जाऊन बसा."

"आमच्यात लपवाछपवी नसते."

"तुमच्यात नसेल. माझ्यात असते. खाली."

तो उतरला. पहिल्याच दिवशी विचारायचं ते बाईंनी आता विचारलं, "कडी कोणाच्या भीतीनं लावत होतीस?"

शिंपिणीनं जिन्याकडे पाहिलं. "त्यांच्याच. आता त्यांनी ती उपसूनच टाकली. म्हणाले, बाईंचा हुकूम आहे."

"आज घरी जायचं नाही," बाई म्हणाल्या, आणि बायकांच्या निवाऱ्यात फोन लावला. गाडी यायला वेळ होता. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांनी खाली सांगितलं, "वहिनी आज येणार नाहीत."

दीर चिडला नाही. हसला. दवाखान्याचं बाकडं ओढून त्यानं जिन्याला आडवं लावलं आणि त्यावर ऐसपैस बसला.

"सावकाश होऊ द्या ताई. उतरायला दुसरा जिना नाही ना?"