हळदीची डबी

अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या ऑफिसात मला आणि आमच्याकडे सफाई करणाऱ्या बाईला एकच दुखणं होतं, शुगर. वयही सारखंच, पन्नाशीला टेकलेलं. ती काळी अमेरिकन, डेट्रॉइटात राहणारी. आमच्यापर्यंत बस येत नसे, म्हणून शेवटच्या थांब्यापासून ती रस्त्याच्या कडेने तासभर चालत यायची, बर्फातसुद्धा. मी गाडीने यायचो आणि चालणं व्हावं म्हणून जिमला पैसे भरायचो.

२००४च्या हिवाळ्यात ती लंगडताना दिसली. टाचेला जखम झाली होती.

"डॉक्टरला दाखवा ना," मी म्हणालो.

ती हसली आणि बोटांवर अडचणी मोजू लागली. कंत्राटदार विमा देत नव्हता. एक दिवस खाडा केला की जागेवर दुसरी बाई उभी. फुकट दवाखान्यात नंबर लागायला दीड महिना होता.

मी गप्प बसायला हवं होतं, पण सल्ला दिल्याशिवाय आपल्याला अन्न पचत नाही. दुसऱ्या दिवशी घरून हळदीची डबी आणली. "हे लावा. आमच्याकडे सगळे लावतात," असं मोठ्या रुबाबात सांगितलं. ती रोज लावू लागली. मी विचारलं की म्हणायची, "आता दुखत नाही." शुगरने पाय बधिर होतो, मग दुखत नाही, हे माझ्याच डॉक्टरने मला बजावलं होतं. तरी मी खूश.

मार्चमध्ये ती यायची बंद झाली. तिच्या जागी आलेल्या बाईकडून कळलं, पाय गुडघ्याखाली कापला.

ऑफिसात डबा खाताना हे सांगितलं तर तिथलाच आमचा नागपूरकर मित्र म्हणाला, "यार, त्यांच्यात डायबिटीस जेनेटिकच असतो."

"आणि तुझ्या-माझ्या घरात काय आहे रे?" मी भडकलो. माझे वडील, दोन्ही काका, सगळे शुगरवाले. पाय सगळ्यांचे शाबूत.

"रिलॅक्स यार, जनरल बोललो," म्हणत त्याने डबा बंद केला. मला त्याच्यापेक्षा स्वतःचीच जास्त चीड आली होती.

त्याच उन्हाळ्यात नवा बूट चावून माझ्या टाचेला फोड आला. लंच अवरमध्ये फोन केला, तीन वाजता डॉक्टरसमोर होतो. "बरं झालं, लगेच आलात," तो म्हणाला. घरी ओट्यावर मिसळणाच्या डब्यात हळद होती. ती लावायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.