तानुबाईने सांगितलेलं नाव

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात नाशिक रोडच्या वसाहतीत तानुबाईच्या दारी एक मुलगी येऊन बसली. शैला तिचं नाव, समाजकार्याचं शिकत होती. तानुबाईची मुलगी मित्रा सात वर्षांची. जन्मताना मेंदूला इजा झालेली. हातपाय ताठ, बोलणं नाही. अशा मुलांच्या आयांना आधार किती मिळतो, हे शैलाला मोजायचं होतं.

"तुम्ही आजारी पडलात तर मित्राला कोण बघतं?"

"आक्का. माझी थोरली बहीण, नवसाबाई."

"मन कुणाजवळ मोकळं करता?"

"आक्काजवळच."

"मग आधार पूर्ण लिहू, की थोडा?"

"पूर्ण लिहा," तानुबाई हसून म्हणाली. खोटं नव्हतं ते. नवरा पुंजाराम नोटांच्या प्रेसच्या पाळ्यांत अडकलेला. मित्राला तेल लावणं, दवाखान्यात व्यायामाला नेणं, सगळ्याला आक्का असायची.

आधार देणाऱ्यांनाही शैला भेटत होती. दोन-तीन दिवसांनी ती अवघडून परत आली.

"मी चुकीच्या घरी गेले का हो? तिथे पाहुणे बसले होते. नवसाबाई म्हणाल्या, असं मूल आमच्या नात्यात नाही. तानुबाई नुसत्या ओळखीच्या."

तानुबाईने मित्राला कडेवर घेतलं आणि तडक देवळाली गावातलं आक्काचं घर गाठलं. नवसाबाईने तिला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"हळू बोल. माझ्या मंगलचं जमतंय. घराण्यात काही दोष आहे का, विचारत होते. काय सांगायचं मी?"

"बहीण आहे म्हणायचं."

"आणि जमलेलं मोडायचं? तुझ्या वाट्याला आलं ते आलं, माझ्या पोरीला का त्यात ओढतेस?"

संध्याकाळी पुंजारामला सांगितलं, तर तो खाली बघत म्हणाला, "मला ठाऊक होतं. मित्राचं नातं लपवलं तर चालेल का, असं आक्कांनी मला विचारलं होतं. मीच हो म्हणालो."

आक्काच्या बोलण्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. विहारातल्या मंगलच्या लग्नाला तो गेला. ती गेली नाही.

दिवाळीच्या सुमारास नवसाबाई लाडवांचा डबा घेऊन आली. "आण गं माझ्या बाईला इकडे," म्हणत तिने हात पसरले. मित्रा खिदळत तिच्याकडे झुकली. तानुबाईने डबा घेतला, चहा दिला, मंगलची खुशाली विचारली. पोरीला मात्र कडेवरून उतरवलं नाही.

आक्का गेल्यावर मित्रा दाराकडे बघून रडत राहिली. तिला काय म्हणून समजवावं, तानुबाईला कळेना.