बाइदेउंची हुसोरी

बाइदेउंचा आवाज आधी यायचा, बाइदेउ नंतर. लिफ्ट सातव्या मजल्यावर असतानाच आम्हाला नवव्यावर कळायचं, की त्या बाजारातून परतल्या. हातात पालेभाजीच्या पिशव्या, अंगावर आसामी मेखला-चादर आणि तोंडात तान. परदेशातल्या या शहरात, मरीन परेडच्या आमच्या ब्लॉकमध्ये माणसं दारसुद्धा हळू लावतात आणि मी त्यातली पहिली. नोटीस बोर्डावरचा कागद न् कागद वाचणारी. शेजारच्या आसामी इंजिनिअरची आई सहा महिन्यांसाठी राहायला आली, तेव्हा पहिले चार दिवस मी कपाळाला आठ्या घालून काढले. पाचव्या दिवशी मीच लिफ्टपाशी कान देऊन उभी होते.

बाइदेउ म्हणजे थोरली बहीण. सारा आसाम त्यांना याच नावाने ओळखतो, असं त्यांच्या मुलाने सांगितलं. रेडिओ झाला, कॅसेटी झाल्या, तीस वर्षं बिहूच्या सणात स्टेज गाजवलं. गळ्यात ढोल अडकवून स्वतः वाजवत गाणारी बाई म्हणजे तिकडे नवलच होतं म्हणे. मला ते आईवेड्या मुलाचं कौतुक वाटलं. मग एकदा आम्ही दोघी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉल्सवर गेलो. बाइदेउंनी काउंटरवर कॉफी मागितली, एवढंच. शेजारच्या रांगेतला एक तरुण ट्रे घेऊन तसाच वळला आणि सूप सांडत त्यांच्या पायाशी वाकला. आसामीत म्हणाला, "माझे आईवडील तुमच्या गाण्यावर नाचता नाचता पळून गेले होते!" बाइदेउ गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या जन्माला मीच जबाबदार. बस, आधी जेव." हे सगळं त्यांनीच मला हिंदीत समजावलं आणि स्वतःच खो खो हसल्या.

माझी मुलगी इरा त्यांच्याकडे गाणं शिकायला लागली. पंधरा दिवस त्यांनी तिला सूर लावूच दिला नाही, नुसती पावलं टाकायला लावली. इरा वैतागून इथल्या ‘ला’ लावलेल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आई, शी नेव्हर टीच सिंगिंग ला!" मी विचारायला गेले, तर म्हणाल्या, "गळ्याने गाणारे खूप आहेत. गाणं पायातून वर यायला हवं." मलाही उभं केलं. बेचाळिसाव्या वर्षी मी शेजारणीच्या हॉलमध्ये कमरेवर हात ठेवून झुलत होते, आणि नोटीस बोर्डाची आठवणही येत नव्हती.

एकदा भाजी निवडताना मी सहज म्हटलं, "बाइदेउ, तुमचं सगळं मिळवून झालं." त्यांचे हात थांबले. "तीस वर्षं लोकांनी मला स्टेजवर बोलावलं," त्या म्हणाल्या. "अंगणात कुणी नाही बोलावलं."

मग हुसोरीबद्दल सांगितलं. बोहाग बिहूला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, गाणाऱ्यांची टोळी ढोल वाजवत घरोघरच्या अंगणात जाते. गाणं संपताना घरचा माणूस गुडघे टेकतो आणि टोळी त्याच्या घराला वर्षाचा आशीर्वाद देते. त्यांच्या गावात हा मान पुरुषांचा. आधी वडील म्होरके होते, मग धाकटा भाऊ. बाइदेउंनी एकदा विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाला, "तुझं काय ते स्टेजवर कर." त्यांनी परत कधी तो विषय काढला नाही. ज्यांच्या आवाजावर माणसं पळून जाऊन लग्न करत होती, त्या बाई दर बिहूला ओसरीवर पान-सुपारीचं ताट धरून उभ्या राहिल्या. मला इतका राग आला, की मीच म्हटलं, "आपण काढू हुसोरी. आपल्या मजल्यावर."

इरा घाबरली. "कॅनॉट ला, आई! पीपल विल कम्प्लेन." तरी तिनेच पाच दारांखालून चिठ्ठ्या सरकवल्या आणि हुसोरी म्हणजे काय तेही लिहिलं. कोपऱ्यातल्या टॅन आंटींचं उत्तर आलं: चालेल, पण तीनच्या आधी नको, मी झोपते.

रविवारी साडेतीनला आम्ही निघालो. बाइदेउ, त्यांची सून, सुनेच्या दोन मैत्रिणी, मी आणि इरा. ढोल बाइदेउंच्या गळ्यात. पहिली थाप पडली आणि मला वाटलं, आता पोलीस येणार. आली ती माणसं. वरच्या-खालच्या मजल्यांवरची, जिन्यातून, मुलांना कडेवर घेऊन. टॅन आंटी ऐंशीच्या पुढच्या. गाणं संपत आलं, तसं त्यांनी काठी इराच्या हातात दिली, दाराची लोखंडी जाळी धरली आणि हळूहळू पायपुसण्यावर गुडघे टेकले, देवळात टेकतात तसे. चिठ्ठी त्यांनी नीट वाचली होती.

बाइदेउंचा आवाज असा काही लागला, की अख्खा कॉरिडॉर भरून गेला. आसामीतला तो आशीर्वाद जमलेल्यांपैकी कुणालाच कळत नव्हता आणि कुणी जागचं हलत नव्हतं. मी ढसाढसा रडत होते आणि पावलं टाकत होते.

संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच भावाला फोन लावला. परवानगी मागितली नाही. काय सांगितलं, ते मला नंतर हिंदीत ऐकवलं: "पुढच्या बोहागात मी ढोल घेऊन येते. अंगण झाडून ठेव." बाइदेउंनी फोन ठेवला आणि चहा टाकला.

इथे राहण्याच्या पासची मुदत संपली, तशा त्या गेल्या. मजला पुन्हा शांत झाला. मला ती शांतता अजूनही सहन होत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये हार्बरफ्रंटच्या माझ्या ऑफिसात, पँट्रीत मी डबा खात असताना त्यांच्या सुनेने व्हिडिओ पाठवला. गावातलं अंगण, मागे वीसेक बायका, पुढे ढोल घेऊन बाइदेउ. गाणं टिपेला पोहोचलं, तसा पांढऱ्या केसांचा भाऊ पुढे आला आणि सगळ्या गावासमोर त्याने गुडघे टेकले.

बाइदेउंनी आशीर्वाद लगेच दिला नाही. ढोल वाजवत त्याच्याभोवती एक सावकाश फेरी घातली, त्याला जरा वाट पाहायला लावली. मग तोंड भरून दिला.