सालमियातलं रेखाचं हळदीकुंकू

रेखा साबळे इथे आखातात, मंगफमध्ये आमच्याच मजल्यावर राहते. सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. मूळची गुहागरची, आवाज खणखणीत. सर्जनलासुद्धा दरडावते. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान जगन्नाथराव ड्यूटीवर असतानाच हार्ट अटॅकने गेले आणि लोकांनी तिच्यामागे एकच प्रश्न लावला, "मग आता गावी परत कधी?"

"का? माझी ड्यूटी तुम्ही करणार?" असं ती विचारायची.

यंदा संक्रांतीला मात्र आमच्या महिला मंडळाने कमाल केली. हळदीकुंकवासाठी रेखाला वगळून व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप काढला. आमची अध्यक्षा अर्चना म्हणाली, "तिला वाईट वाटेल म्हणून गं." वाईट वाटू नये म्हणून तोंडावर दार लावायचं, ही युक्ती आमच्याच बायकांना सुचावी! मी त्या ग्रुपवर भांडले, बाहेर पडले आणि सरळ रेखाची बेल वाजवली.

रेखा रडली नाही. तिने जुन्या ग्रुपवर निरोप टाकला, "शुक्रवारी दुपारी सालमियाला माझ्याकडून जेवण. नटून या." मंडळाच्या हळदीकुंकवाचा वार तोच, वेळही तीच. जागा म्हणजे एक लहानसं जॉर्जियन हॉटेल. सिनेमा पाहिला की ती आणि जगन्नाथराव तिथेच जेवायचे.

लिफ्टमध्ये मला म्हणाली, "टेबल रिकामं राहिलं तर इथलं माझं संपलं असं समजेन. राजीनामा देईन आणि पुण्याला लेकाकडे जाऊन बसेन." हे ती हसत म्हणाली. पण ती बोलते ते करतेच.

शुक्रवारी नमाजानंतर सालमियाच्या रस्त्यावर ही गर्दी. गाड्यांचे हॉर्न, आइस्क्रीमसाठी रडणारी पोरं, शवर्म्याचा वास. आत लांबलचक टेबल मांडलेलं आणि त्याच्या टोकाला मोरपंखी साडीतली रेखा. बाकी सगळ्या खुर्च्या मोकळ्या. मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने मंगफशेजारच्या फहाहीलहून जुईली आली. ती लॅब टेक्निशियन, वयाने आमच्या निम्मी. बस, एवढंच. रेखाने घड्याळाकडे पाहिलं आणि जेवण आणायला सांगितलं.

मालकीण केती स्वतः थाळा घेऊन आली. त्यात खिन्काली. अगदी आपले उकडीचे मोदक म्हणावेत अशा कळ्या, आत मात्र मशरूम आणि गरम रस. माझा हात सवयीने गेला. मोदकाचं टोक फोडून तूप सोडतात तसं मी टोक फोडलं आणि सगळा रस माझ्या पैठणीवर! केती कळवळली. टोक धरून उलटं करायचं, आधी रस चोखायचा, मग बाकीचं खायचं आणि टोक ताटात टाकून द्यायचं, असं तिने मोडक्यातोडक्या हिंदीत शिकवलं. जुईली हसून हसून लाल.

"टाकून द्यायचं?" रेखाने टोक तोंडात टाकलं. "एवढ्या कळ्या एकत्र धरून ठेवतं ते टाकायचं? मी नाही टाकत."

मग केतीने त्यांच्या देशाची रीत सांगितली. मेजवानीत टेबलाचा एक प्रमुख असतो. तो उभा राहून एकेकाच्या नावाने बोलतो, मग सगळे पितात. गेलेल्या माणसांच्या नावाने प्यावंच लागतं. तिकडे वाइन, इथे दारूबंदी म्हणून डाळिंबाचा रस. "प्रमुख म्हणजे बहुतेक घरातला मोठा पुरुष," केती म्हणाली.

"आमच्या घरात मोठी मीच," म्हणत रेखा उभी राहिली. तिने पेला उंच धरला. "जगन्नाथ, हे तुझ्या नावाने. तू गेलास. मी गेलेली नाही."

आम्ही दोघींनीही पेले उचलले. तेवढ्यात दार उघडलं आणि साड्यांची सळसळ करत अख्खं मंडळ आत. पुढे अर्चना, हातात करंडा. तिच्या घरी निम्म्या बायका "आधी रेखाकडे जाऊन येतो" म्हणायला लागल्या, मग बाईंना यावंच लागलं. खुर्च्या कमी पडल्या. केतीने शेजारच्या टेबलाच्या ओढून आणल्या.

अर्चनाने सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. रेखासमोर आली आणि तिचं बोट करंड्यातच थांबलं.

"थांबलीस का?"

"अगं, तुला चालेल ना?"

"मला केव्हाही चालतं. जड तुला जातंय. आण इकडे."

रेखाने करंडा घेतला. बोट बुडवून स्वतःच्या कपाळावर हळद लावली, मग ठसठशीत कुंकू. हॉटेलात सगळे आमच्याकडे बघत होते. बघू देत! अर्चनाची मान खाली गेली. रेखाने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि पुढ्यात ताट सरकवलं.

"पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी, मंगफला. आता बस आणि गरम आहे तोवर खा. आणि हे बघ, माझ्या टेबलावर टोक टाकायचं नाही."